धुतलेलं घर

औषधांच्या दुकानदाराने तिला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ती समोरच्या घराच्या पायरीवर बसून एका कुत्र्यापुढे जांभया देत होती.

कुत्रा काळा, वासराएवढा, दाराच्या जाळीआडून दात दाखवणारा. त्याचा मालक, बँकेतला हिशेबनीस, कामानिमित्त परगावी गेला होता आणि तो गेल्यापासून कुत्र्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. बाई पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, कमरेला चाव्यांचा जुडगा. कुत्र्याच्या नजरेला तिने नजर दिलीच नाही. भलतीकडे बघत एक ऐसपैस जांभई दिली, जरा थांबली, मग दुसरी दिली. रात्रपाळी करून आलेली दिसते बिचारी, असं दुकानदाराला वाटलं. तेवढ्यात कुत्र्याचं गुरगुरणं मध्येच तुटलं, जबडा आपोआप उघडला आणि त्यानेही जीभ वळवून भलीथोरली जांभई दिली. काउंटरमागे उभ्या दुकानदारालाही मग ती आवरली नाही.

थोड्या वेळाने ती कापूस घ्यायला दुकानात आली तेव्हा त्याने विचारलंच. ती लाजली. माणसाची जांभई कुत्र्याला लागते म्हणाली. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना लागते. मग आवाज उतरवून म्हणाली, "खरं सांगू का, मला त्याची भीती वाटत होती. भीती वाटली की मला खऱ्याच जांभया येतात."

तिला सगळे चावीमावशी म्हणत. लोक बाहेरगावी निघाले की घराची चावी तिच्या हाती द्यायचे, आणि चावीबरोबर घरातलं कुत्रं नाहीतर मांजर. प्राण्यांना आपल्या घरी आणायची तिची सोय नव्हती. सूनबाईला दमा होता. मांजराचा एक केस उंबऱ्याच्या आत आला तरी तिची छाती भरून यायची. म्हणून मावशीच घरोघर जायची, खायला-प्यायला घालायची, कुत्र्यांना फिरवायची, मांजरांची वाळू बदलायची, आणि संध्याकाळी परतल्यावर कपडे दाराबाहेरच झटकून, हातपाय धुऊन मगच आत यायची.

त्याआधीची वीस-बावीस वर्षं तिने एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत काढली होती. वर कोण राहतं, कुठून येतं, हे तिने कधी पाहिलं नाही. पण कोणत्या खोलीतला पाहुणा झोपेत रडतो आणि कोणता बिछान्यात बसून जेवतो, हे ती उशीच्या अभ्र्यावरून सांगायची. माणसाला त्याच्या डागांवरून ओळखायची ती सवय नव्या कामातही तिच्याबरोबर आली.

संध्याकाळी चहाचा कप हातात आला की सूनबाई विचारायची, आज काय नवीन. मग मावशीची पोतडी सुटायची. तीन रंगांचं मांजर बहुतेक नेहमी मादीच असतं. मांजराला गोड चव कळतच नाही, तेव्हा बिस्किट मागणारं मांजर त्यातल्या लोण्यावर डोळा ठेवून असतं. मोठी मांजरं आपसांत म्यांव करत बसत नाहीत, ते बहुतेक माणसांसाठी राखून ठेवलेलं. कुत्र्याच्या नाकावरच्या रेघा आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या, एकाच्या दुसऱ्याला नाहीत. आणि मालकांचं तर विचारूच नका. परगावाहून फोन आला की आधी कुत्र्याची चौकशी होते, मग कुंड्यांतल्या झाडांची, आणि अगदी शेवटी शेजारच्याच घरात राहणाऱ्या सख्ख्या आईची. हिशेबनीस आणि त्याचा कुत्रा, दोघेही शिंक यायच्या आधी डावीकडे बघतात.

"एकत्र राहिलं की असं होतं," सूनबाई म्हणायची. "म्हणजे चार वर्षांनी मीही कुलूप तीन-तीनदा ओढून बघणार."

कुलपाचं खरं होतं. मावशी मुळातच भित्री. कुलूप लावल्यावर ती ओढून बघायची, जिना उतरायची, पुन्हा वर जाऊन ओढायची, आणि कधी कधी कोपऱ्यावरून परत यायची. गॅस चालू राहिला असेल, नळ वाहत असेल, पट्टा कुठे अडकून गळफास बसला असेल. मन चिंती ते वैरी न चिंती, अशातली गत. पण या भित्रेपणानेच तिच्या धंद्याचं नाव झालं होतं. तिच्या हातून कधी काही निसटलं नव्हतं.

तिला भीती वाटत नसे अशी वेळ एकच: धुताना. बाही वर सारून हात पाण्यात गेले की तिचं डोकं शांत व्हायचं. डाग दिसतोय, डाग जातोय, एवढंच जग उरायचं.

कोपऱ्यावरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, रेडिओवाले काका राहायचे. खाली त्याच इमारतीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तेही आता बंद, शटर ओढलेलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ते आणि त्यांचं म्हातारं तीन रंगी मांजर. पिल्लू असताना ते मांडीवर बसून स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखं वाजायचं, म्हणून काकांनी त्याचं नाव ठेवलं होतं खरखर.

काकांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आणि डॉक्टरांनी तपासण्यांसाठी काही दिवस आधीच दाखल व्हायला सांगितलं. त्यांनी मावशीला बोलावून घेतलं, खाण्याचा डबा, वाळूचं घमेलं सगळं दाखवलं. गॅलरीची खिडकी उघडी ठेवू नका, एवढं मात्र दोनदा बजावलं. त्या खिडकीच्या गजांमधल्या फटी रुंद होत्या आणि बाहेरून जिन्याच्या छपरापर्यंत अरुंद कठडा गेलेला होता. मग चावी दिली.

"मी परत नाही आलो तर हिचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा," ते म्हणाले.

"असं बोलू नये काका. घरी कुणीतरी वाट बघतंय म्हटलं की माणूस येतोच परत."

हे ती नुसतं धीर द्यायला बोलली होती. पण काकांनी मान हलवली, जणू तोच करार ठरला. ही घरी आहे, म्हणजे मी येणार.

पहिल्या दिवशी तिने मांजराला खाऊ घातलं आणि घराकडे पाहिलं. एकट्या पुरुषाचं घर ते. पडद्यांवर धुळीचे थर, टेबलावर रेडिओच्या तारा जोडायला डाक देऊन देऊन पडलेले काळे चट्टे, खुंटीवर एकावर एक चढवलेले वापरलेले शर्ट, पलंगावरच्या घोंगडीला मांजराच्या केसांची लव. छाती उघडून शिवलेला माणूस या धुळीत परत येणार? तिला राहवेना. काका परत येतील तेव्हा घर आरशासारखं दिसलं पाहिजे, असं तिने मनाशी घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने कंबर कसली. पडदे, अभ्रे, चादरी, घोंगडी, खुंटीवरचे सगळे शर्ट, खुर्चीवरची गादी. फरशी फिनेलने दोनदा. दारांच्या कोपऱ्यांवर आणि पलंगाच्या पायांवर, मांजराच्या गालाइतक्या उंचीवर, तेलकट काळपट डाग बसलेले होते. ते तिने काथ्याने घासून, सोड्याच्या पाण्याने पुसून, अगदी मुळापासून काढले. खरखर रेडिओच्या फळीवर कान पाडून बसली होती आणि बघत होती. मावशी तिच्याशी बोलत होती, बघ आता कसं लख्ख होतंय म्हणत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चादरी तिने नाव-गाव न कळता धुतल्या होत्या. आज पहिल्यांदा ती कुणासाठी धुतेय, हे तिला ठाऊक होतं. फिनेलचा वास नाकात बसायला लागला तसा तिने तो जावा म्हणून पडदे काढलेली गॅलरीची खिडकी उघडली आणि वळून पुन्हा फरशीला लागली.

जाताना खिडकी लावली का? कुलूप तिने नेहमीसारखं तीनदा ओढून पाहिलं. खिडकीचं तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर घर चकाकत होतं. वाटीतलं खाणं जसंच्या तसं, वाळू कोरडी, खिडकी सताड उघडी. आणि मांजर नाही.

तिने हाका मारल्या. मांजराला आपलं नाव कळतं, पण ओ द्यायची की नाही ते त्याच्या मर्जीवर, हे तिनेच शंभर जणांना हसत सांगितलं होतं. आता त्या गमतीचाच तिला आधार घ्यावा लागला: असेल इथेच, मर्जी नसेल. पलंगाखाली, कपाटामागे, माळ्यावर, रेडिओच्या रिकाम्या खोक्यांत तिने हात घालून पाहिलं. मग गॅलरीत गेली. खाली बघायचं धाडस होईना. खिडकीचे गज धरून, डोळे मिटून ती आधी उभी राहिली, आणि मग एकदम उघडले. खाली सिमेंटचं अंगण रिकामं होतं. हे बरं की वाईट, तेही तिला ठरवता येईना.

त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने गल्ली पिंजून काढली. जिन्याच्या छपरावर एकाला चढवलं, गटारांच्या झाकणांशी वाकून ऐकलं, गाड्यांखाली आडवी झाली. मांजर आडवं गेलं की लोक दोन पावलं मागे सरतात. मावशी मात्र, एखादं तरी आडवं जाऊ दे, अशी विनवणी करत फिरत होती. इकडे हिशेबनिसाच्या कुत्र्याला फिरवणं चुकत नव्हतंच. तो तिची भीती पट्ट्यातून ओळखायचा आणि मध्येच थांबून तिच्या तोंडाकडे बघायचा.

सर्वांत भयंकर वाटलं ते काकांच्या बंद दुकानापाशी. शटरसमोर चार भटकी कुत्री बसली होती, भुंकत नव्हती, भांडत नव्हती, नुसती बसली होती. त्यांच्या पायांपाशी काहीतरी पांढरं, तांबूस डाग पडलेलं, चुरगळून पडलं होतं. औषधवाल्याने हातातली काठी आपटत येऊन कुत्री हाकलली आणि ते पांढरं पायाने उलटं केलं. जुन्या बनियनचा तुकडा होता, त्यावर गंजाचे डाग.

"कालपासून इथेच ठाण मांडून बसलीत," तो म्हणाला. "हाकललं तरी फिरून येतात."

यांनीच तिला धरलं, मावशीच्या मनाने घेतलं. इथेच धरलं, म्हणून जागा सोडत नाहीत. ती तिथून जवळजवळ पळतच निघाली. त्या शटरकडे पुन्हा बघायचीही तिला छाती होईना.

घरी मुलगा म्हणाला, एवढं काय, तीन रंगांचं दुसरं मांजर शोधू, म्हाताऱ्याला काय कळणार. सूनबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी प्यायच्या निमित्ताने उठून आत गेला. मग तिने सासूच्या पायांपाशी बसकण मारली.

"उद्या सकाळी काकांची शस्त्रक्रिया ना?"

मावशीने मान हलवली.

"मग आज उठा आणि जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे जा. रडून झालं की जा. पण आजच जा."

डॉक्टरबाई एका पोपटाची नखं कापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, घरात काही बदललं होतं का. नाही, मावशी म्हणाली, उलट सगळं स्वच्छ केलं. काय काय, त्यांनी विचारलं. मावशी सांगायला लागली. पडदे, अभ्रे, घोंगडी, शर्ट. पहिली चार नावं तिने जुन्या अभिमानाने घेतली. दारांच्या कोपऱ्यांवरचे डाग म्हणताना डॉक्टरबाईंचा हात थांबला. तो थांबलेला पाहून मावशीचा आवाज खाली खाली गेला, आणि पलंगाचे पाय हे शब्द तर ऐकूच आले नाहीत.

"मावशी, ते डाग तिनेच लावलेले होते," डॉक्टरबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मांजर गाल घासतं ना, ते आपला वास लावून ठेवतं. इथे मी राहते, इथे भ्यायचं कारण नाही, असं. आणि बाकीच्या घराला काकांचा वास होता. एका दिवसात दोन्ही गेले. तिच्या नाकाला ते परक्याचं घर झालं."

गाल घासणं म्हणजे लाड, असंच ती लोकांना सांगत आली होती.

डॉक्टरबाईंनी उपाय सांगितला. घाबरलेलं मांजर बहुधा फार लांब जात नाही, जवळच कुठेतरी मुकाट दडून बसतं. काकांनी घातलेला, न धुतलेला एखादा कपडा घेऊन शोधा. मावशी तिथल्या बाकावर बसली. तसा कपडा त्या घरात एकही उरला नव्हता. तिने एक बाहीसुद्धा सोडली नव्हती. होता तो एकच, काका दाखल होताना अंगावर घालून गेलेला शर्ट. तो रुग्णालयात होता.

रुग्णालयाच्या दारातून आत शिरताच ती थबकली. तोच वास. काकांच्या घराला तिने जो वास दिला होता, तोच इथे भिंतीभिंतीला होता. वाटेत तिने खोटं तयार ठेवलं होतं: काका, मळका शर्ट द्या, धुऊन आणते. लाँड्रीतल्या बाईच्या तोंडी याहून साजेसं खोटं कुठलं? सिस्टरने आत सोडताना बजावलं की उद्या मोठं काम आहे, आजोबांना त्रास होईल असं काही बोलू नका. मावशी हो म्हणाली, आणि आपण हो म्हणालो याचं तिला बरंही वाटलं.

काका उशीला टेकून बसले होते. शेजारी यंत्राच्या काचेवर हिरवी रेघ उड्या मारत होती. तिने शर्टाचं विचारलं. त्यांनी पलंगाखालच्या पिशवीकडे बोट केलं.

"न्या. पण धुऊ नका, बाई. तिच्या अंथरुणावर टाका. सांगायचं विसरलोच मी, माझा उतरलेला शर्ट पाशी असला की ती खुशाल असते." मग त्यांनी विचारलं, "कशी आहे?"

छान आहे, एवढे दोनच शब्द होते. सिस्टरनेही तेच सांगितलं असतं. मावशीने तोंड उघडलं आणि तिला जांभई आली. तिने तोंडावर हात धरला. दुसरी आली. तिसरी आली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"झोप नाही वाटतं झाली," काका म्हणाले, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघू लागले.

तिने सांगितलं. खिडकी सांगितली, फिनेल सांगितलं, शर्ट धुवायचं निमित्त खोटं होतं तेही सांगून टाकलं. सांगताना तिची नजर काकांवर नव्हती, त्या हिरव्या रेघेवर होती. ती रेघ आता थांबेल, मग थांबेल, आणि आपल्यामुळे थांबेल, असं तिला वाटत होतं.

काका छताकडे बघत राहिले. बाहेर कुणाच्या तरी ढकलखुर्चीचं चाक कुरकुरत गेलं.

"काय काय धुतलंत?" त्यांनी विचारलं.

तिने दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी प्रत्येक नाव दातांखालच्या खड्यासारखं लागत होतं.

"आणि दुकान?"

"दुकानाची चावी कुठे होती माझ्याकडे."

"म्हणजे दुकान नाही धुतलंत."

ते कोपरावर उठायला लागले. तिने धावून आधार दिला. शटरचा डावा कोपरा खालून वाकलेला आहे, ते धाप लागत सांगू लागले. लहान असताना खरखर रोज त्यांच्याबरोबर जिना उतरायची आणि ते कुलूप काढेपर्यंत त्या फटीतून आधीच आत जाऊन बसायची. दुकान बंद केल्यावरही ते दुपारी तासभर तिथे जाऊन बसत, जुन्या सवयीने. खुर्चीवर त्यांचं जुनं जाकीट अजून आहे.

मावशीला ती चार कुत्री आठवली. भुंकत नव्हती, भांडत नव्हती, नुसती शटरकडे तोंड करून बसली होती. म्हणजे मांजराला तिथे धरलं म्हणून ती बसली नव्हती. आत काहीतरी होतं. किंवा निदान काल तरी होतं.

काकांनी उशीखालून किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

"सापडली तर फोन करा. नाही सापडली तरी करा. मला नेण्याआधी करा. आणि खोटं सांगू नका."

ती पोचली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. कुत्री तिथेच होती. औषधवाला काठी घेऊन उभा राहिला आणि तिने कुलूप काढलं. मांजर बिथरून पळू नये म्हणून शटर गुडघ्याएवढंच उचललं, आणि शर्ट छातीशी धरून ती खालून सरपटत आत गेली. शटर पुन्हा खाली टेकवलं.

आत अंधार आणि धूळ. डाक लावलेल्या तारांचा, जुन्या लाकडाचा, घामट जाकिटाचा वास. एरवी असल्या जागेत तिचे हात शिवशिवले असते. आज तिने ते मांडीखाली दाबून धरले. हाक मारली नाही, उजेड केला नाही. शर्ट मांडीवर पसरला आणि भिंतीला पाठ टेकून बसली. बाहेर एक कुत्रं शटर हुंगत होतं. वाकलेल्या पत्र्याच्या कडेला हात लागला तेव्हा तिथे केस चिकटलेले जाणवले, आणि त्यांच्याबरोबर काहीतरी वाळलेलं, खडबडीत. तिने हात झटकन मागे घेतला. डाग ओळखण्यात आयुष्य गेलेलं; ते रक्त आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग कोपऱ्यातल्या मोठ्या रेडिओच्या रिकाम्या पेटीतून आवाज आला. बारीक, तुटक. खरखर, खरखर.

मावशी हलली नाही. दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. पण मांजर सुखातच असा आवाज करतं असं नाही. फार दुखत असलं, अगदी शेवटाला आलं, तरी ते असंच वाजतं, हेही ती जाणून होती. तिने शर्टाची बाही हळूच पेटीच्या तोंडाशी सरकवली आणि वाट बघत राहिली. आवाज थांबला. तो थांबलेला वेळ तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांब असेल. मग बाहीला अगदी हलकी ओढ बसली.

खरखर पुढच्या दोन पायांवर सरपटत बाहेर आली. शटरच्या फटीतून येणाऱ्या दिव्याच्या उजेडात मागचा एक पाय दिसला, सुजलेला, फरफटत. शर्टाच्या काखेपाशी तिने तोंड खुपसलं आणि ती तशीच पडून राहिली. मावशीने बरोबर आणलेल्या बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून तिच्या ओठांना लावलं. पहिल्या दोन वेळा पाणी नुसतं ओघळलं. तिसऱ्या वेळी तिने चाटलं.

फोन पहिल्या घंटेलाच उचलला गेला.

"आहे," मावशी म्हणाली. "मागच्या पायाला लागलंय, फटीत कापलेलं दिसतंय. अशक्त आहे फार. पाणी चाटलं. आता डॉक्टरबाईंकडे नेते."

"खोटं नाही ना?"

तिने फोन मांजराच्या गळ्याशी धरला. गळ्यातून बारीक खरखर येत होती.

"स्टेशन लागलं," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

सकाळी काकांना आत नेलं. ते बाहेर यायला दुपार झाली. तोवर मावशी डॉक्टरबाईंच्या बाकावर बसून होती, एक कान पिंजऱ्याकडे आणि एक फोनकडे. दोन्हीकडून बातमी बरी आली, तरी घरी जाताना ती कोपऱ्यावरून परत फिरली आणि पिंजऱ्याची कडी ओढून बघून आली.

मांजराचा पाय थोडा वाकडाच राहिला. काका घरी आले तेव्हा त्यांनी दारातच थांबून नाक वर करून हुंगलं, मांजर करतं तसं, पण ते काही म्हणाले नाहीत. चहा झाला. मग त्यांनी हात पुढे केला आणि घराची चावी मागितली.

"रागावलो नाही, बाई. पण भीती बसली."

"मलाही," मावशी म्हणाली, आणि तिने जुडग्यातून चावी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या जागी तिनेही तेच केलं असतं.

मावशी अजून हेच काम करते. मांजराच्या घरात ती केर काढते, वाटी विसळते, वाळू बदलते आणि बाकी कशाला हात लावत नाही. मालक निघायच्या आधी ती त्यांच्याकडून अंगावरचा एक कपडा मागून घेते. लोक हसतात आणि देतात. दर रविवारी ती रेडिओवाल्यांकडे जाते, दार वाजवते आणि ते येऊन उघडेपर्यंत बाहेर जिन्यात उभी राहते.